विनंतीकाकांची खतावणी

जयनगर चौथ्या ब्लॉकच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडत असताना खांद्यावर हात पडतो आणि मागून आवाज येतो, "काय मग, कशी चाललीय?" नोकरी, तब्येत, गाडी यांपैकी काहीतरी असेल असं धरून तुम्ही "बरी चाललीय" म्हणता आणि तिथेच सापडता. पुढचा प्रश्न येतो, "रोज किती वेळ?" विनंतीकाकांच्या वाक्यात कर्ता सांगितलेला नसला, तर तो प्रार्थना हाच समजायचा असतो.

असे काका फक्त जयनगरातच आहेत असं नाही. नगर, जालना, मिरज, कोल्हापूर, कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत एक तरी गृहस्थ असा निघतोच, ज्याने सगळ्यांच्या प्रार्थनेची जबाबदारी कुणी न सोपवता अंगावर घेतलेली असते. पाळकांची बदली होते, निवडणूक होऊन पंच बदलतात. याला मुदत नसते. बेंगळुरूत तो जरा जास्त डोळ्यांत भरतो, कारण इथे मराठी ख्रिस्ती घरं मोजकी आणि विखुरलेली. रविवारी कुणी इंग्रजी उपासनेला जातं, कुणी कन्नड. 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत वाढलेल्या माणसांना इथे 1947 सालच्या दक्षिण भारत मंडळीच्या बाकांवर बसून उठायचं कधी आणि बसायचं कधी हे शेजाऱ्याकडे बघून ठरवावं लागतं. शनिवारी संध्याकाळी मात्र जयनगर, बनशंकरी किंवा जेपी नगरातल्या कुणाच्या तरी हॉलमध्ये मराठी प्रार्थनासभा भरते. 'उपासना संगीत' निघतं, नारायण वामन टिळकांची गीतं होतात, वचन होतं, शेवटी चहा आणि अय्यंगार बेकरीतला खारा बन. आणि वचन व चहा यांच्यामध्ये विनंतीकाका असतात.

काका मूळचे नगरचे. आयुष्य बँकेच्या हिशेबतपासणीत गेलं, शेवटची बदली बेंगळुरूला झाली आणि इथल्या हवेने त्यांना परत जाऊ दिलं नाही. कन्नड शेजारी त्यांना 'प्रेयर अंकल' म्हणतात. मराठी मंडळींनी दिलेलं नाव विनंतीकाका, कारण सभेत ते प्रार्थनेच्या विनंत्या गोळा करतात. गोळा करतात म्हणजे नोंदवतात. लाल कापडी बांधणीची लांबट खतावणी, तिच्यात रकाने: तारीख, नाव, विनंती, पाठपुरावा, निकाल, शेरा. निकालाच्या रकान्यात 'मिळालं', 'नाही मिळालं' असं ढोबळ काही नसतं. 'पूर्णतः निकाली', 'अंशतः निकाली', 'प्रलंबित' आणि 'दुसऱ्या मार्गाने निकाली' असे चार प्रकार आहेत. मंडळीतल्या एकीने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून विनंती दिली होती. डॉक्टरांनी यकृताची भीती घातल्यावर ती सुटली. हे प्रकरण चौथ्या प्रकारात आहे. 2024च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव चढले, आणि सबंध एप्रिल शहरावर थेंब पडला नाही. त्या वर्षीची पावसाची नोंद 'अंशतः निकाली' अशी आहे. शेरा आहे: 'मे महिन्यात. तेही रस्ते तुंबेपर्यंत.'

31 डिसेंबरच्या रात्री लोक उपासनेला जमून जुन्या वर्षाचे आभार मानतात. काका त्या रात्री येणे बाकी काढतात आणि प्रलंबित विनंत्या पुढल्या वर्षाच्या खतावणीत ओढून घेतात. एका पुतण्याचं लग्न अशा रीतीने इतक्या वर्षांत ओढलं गेलंय, की त्याला स्वतःला आता त्यात रस उरलेला नाही. नोंद बंद करायला त्याची सही लागेल, असं काका म्हणतात.

त्यांची जाहीर प्रार्थना ऐकण्यासारखी असते, आणि ऐकण्यावाचून इलाजही नसतो. सुरुवात ठरलेली: "प्रभू, तुला ठाऊकच आहे..." आणि मग जे ठाऊकच आहे ते सगळं तपशिलाने सांगितलं जातं. मागण्याआधीच पित्याला तुमची गरज कळलेली असते, तेव्हा फार बडबड करू नका, असं मत्तयाच्या 6व्या अध्यायात येशूने शिष्यांना बजावलं आहे. काकांना तो अध्याय पाठ आहे. पण ऑडिटमध्ये वरच्या साहेबाला माहीत असलेली गोष्टही कागदावर यावी लागते. त्यामुळे आजारी माणसासाठी प्रार्थना करताना ते देवाला पत्ता देतात. "प्रभू, तुझी ही मुलगी नवव्या ब्लॉकमध्ये, सव्विसावा मेन, चौथा क्रॉस, फार्मसीच्या वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद असते..." एकदा त्यांनी क्रॉस चुकीचा सांगितला, तेव्हा डोळे मिटलेल्या अवस्थेतच कुणीतरी "सहावा, सहावा" असं दुरुस्त केलं. त्यावर काका म्हणाले, "सहावा, प्रभू. आमेन." आणि पुढे गेले.

याच प्रार्थनेत थोडी घरगुती शिस्तही लावून घेतली जाते. "प्रभू, काही भावंडांना सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमुळे उशीर होतो, त्यांना घरून वेळेवर निघण्याची बुद्धी दे." "काही तरुणांच्या खिशातले फोन तुझ्या समक्ष वाजतात." डोळे मिटून माणसाला टोमणा मारण्याची ही सोय आपल्या मंडळ्यांत फार जुनी आहे, आणि तिच्यावर उलट बोलता येत नाही, कारण बोलणं तुमच्याशी चाललेलं नसतं.

पण काकांची खरी हौस म्हणजे लोकांना प्रार्थनेत खोलवर नेणे. त्यासाठी दाखले तयार असतात. पहिला मान पंडिता रमाबाईंचा. 1905च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मुलींपुढे एवढंच म्हटलं, की माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा बसू लागल्या, आणि त्या महिनाअखेरीस जे संजीवन पेटलं त्याची वार्ता देशाबाहेर गेली. त्या वेळच्या हकीकतीत असं सांगतात, की पहाटे एका मुलीच्या अंगाला आग लागल्यासारखं दिसलं आणि तिच्या सोबतिणीने धावत जाऊन बादलीभर पाणी आणलं. ओतायच्या बेतात असताना कळलं, की ही आग विझवायची नाही. ही गोष्ट काका फार रंगवून सांगतात. मार्च 2024मध्ये त्यांनी ती सांगितली तेव्हा पाठीमागून एक बाई पुटपुटल्या, "बादलीभर पाणी मिळालं तरी तिला." सगळी सभा हसली. त्या दिवशी यजमानांच्या इमारतीत टँकर आलेला नव्हता.

दुसरा दाखला मार्टिन ल्यूथरचा. 1535 साली विटेनबर्गमधल्या पीटर नावाच्या त्याच्या न्हाव्याने विचारलं, प्रार्थना करायची कशी? ल्यूथरने त्याच्यासाठी छोटी पुस्तिकाच लिहिली आणि तिच्यात त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं: वस्तरा चालवताना ज्याचं लक्ष इकडेतिकडे जातं तो गिऱ्हाइकाचं नाक कापतो, तेव्हा प्रार्थनेतही डोळा धारेवर हवा. तो न्हावी त्याच वर्षी जावयाच्या खुनात अडकून हद्दपार झाला, हा भाग काका सांगत नाहीत. एकदा त्यांनी ही गोष्ट इथल्या सलूनमध्ये, अर्ध्या दाढीवर, कन्नडमध्ये, हातवारे करून न्हाव्याला सांगितली. न्हावी मन लावून ऐकत होता. पुढच्या शनिवारी काकांच्या हनुवटीला पट्टी होती, आणि ल्यूथरचं म्हणणं किती खरं आहे यावर ते दुप्पट जोराने बोलले.

तिसरा दाखला मात्र घरात अंगाशी आला. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा बंधू स्वयंपाकघरात राबत असे, आणि वेदीपुढे गुडघे टेकताना जितकं देवाचं सान्निध्य असतं तितकंच भांड्यांच्या गोंगाटातही असतं, असं त्याचं म्हणणं होतं. काकांनी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. काकू ताट उचलत म्हणाल्या, "छान आहे. आजपासून भांडी तुम्ही घासा." ते सान्निध्य एका कुकरपर्यंत टिकलं.

मध्यंतरी काकांना मौनप्रार्थनेचा शोध लागला. मंगळुरूकडच्या एका कॅथलिक शेजाऱ्याकडून त्यांनी संत इग्नेशियसच्या साधनेबद्दल ऐकलं होतं. आपण प्रॉटेस्टंट लोक देवाशी फार बोलतो, त्याला बोलू देत नाही, असं त्यांनी सभेत जाहीर केलं, आणि कुणाकडे न बघताही सगळ्यांना कळलं, की हा ठराव नेमका कुणाला लागू आहे. पंधरा मिनिटं संपूर्ण शांतता. काकांनी घड्याळ लावलं. दिवे मंद केले. आणि म्हणाले, "शांतता सुरू झालेली आहे."

झाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी लसूण ठेचत होतं. रस्त्यावरून नारळवाला गेला. "बाहेरच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका," काका म्हणाले. तोपर्यंत कुणी दिलेलं नव्हतं. आता सगळे देऊ लागले. शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी. तिसरीची वाट सगळी सभा पाहत होती, हे मिटल्या डोळ्यांनाही जाणवत होतं. "मन भटकतं," काका हळूच म्हणाले, "भटकू द्या. परत आणा." मग काही वेळाने, "अजून बारा मिनिटं." एका आजोबांचा श्वास संथ होत होत स्पष्ट घोरण्यापर्यंत आला. त्यांच्या सुनेने कोपराने ढोसलं, तसे ते दचकून मोठ्याने "आमेन!" म्हणाले, आणि सभेतल्या निम्म्या लोकांना वाटलं सुटलो, तेही "आमेन" म्हणून मोकळे झाले. डोळे उघडले. काकांनी घड्याळ बघितलं. साडेसात मिनिटं बाकी होती. ती त्यांनी शांततेचं महत्त्व समजावून सांगण्यात वापरली.

हसावं तितकं थोडं. पण त्या शनिवारी घरी जाताना एक मुलगी, चोवीस तास हेडफोनमध्ये राहणारी, मला म्हणाली की लसूण ठेचण्याचा आवाज ऐकून तिला एकदम आजी आठवली आणि तिच्यासाठी ती त्या अंधारात खरोखर काहीतरी बोलली. काय, ते तिने सांगितलं नाही. काकांच्या खतावणीत याची नोंद नाही.

आता पुण्याच्या पोराची हकीकत. इथल्या एका आयटी कंपनीने त्याला काढलं. त्याची विनंती काकांनी लाल शाईने घेतली होती, म्हणजे तातडीची. त्या शनिवारी सभा होती, तो आलेला नव्हता, आणि काका उभे राहून त्याच्यासाठी प्रार्थना करत होते. पदवी, अनुभव, घरभाडं, दहा महिन्यांची अनामत, घरमालकाचा स्वभाव असं सगळं देवाच्या कानावर घालून झालं होतं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. कुणी उठेना. यजमानांच्या धाकट्या मुलीने दाराच्या भोकातून पाहिलं आणि ओरडली, "पुण्याचा दादा आलाय!" आजीने तिला "शू" केलं. काका प्रार्थनेतच म्हणाले, "प्रभू, लेकरांना शांत बसव." बेल पुन्हा वाजली. काकांनी डोळे न उघडता डावा हात वर केला, म्हणजे थांबा. "प्रभू, आमचा हा भाऊ आज कुठे असेल, कोणत्या मनःस्थितीत असेल..." तो दाराबाहेर मैसूरपाकाचा डबा घेऊन उभा होता, आणि त्याच्या मनःस्थितीत प्रत्येक बेलला फरक पडत होता.

ज्यांना शास्त्र माहीत आहे त्यांना प्रेषितांच्या कृत्यांचा 12वा अध्याय आठवेल. पेत्र तुरुंगात, त्याच्या सुटकेसाठी घरात प्रार्थना चाललेली, पेत्र सुटून दार ठोठावतोय, रोदा नावाची मुलगी आत सांगायला धावते तर लोक तिलाच वेड्यात काढतात. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी झालेली ही फजिती मंडळीला प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि तिची पुनरावृत्ती होते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. आमेन झाल्यावर दार उघडलं. नोकरी लागली होती. सगळे उठले, मिठ्या झाल्या, डबा फुटला. काका मात्र खतावणी उघडून पेन हातात घेऊन उभे. "मेल किती वाजता आली?"

"चार वाजून दहा मिनिटांनी, काका."

काकांचं पेन थांबलं. प्रार्थना सुरू झाली साडेसहाला. मागणीच्या आधीच पुरवठा झालेला. हिशेबतपासणीत याला काय म्हणतात ते बँकवाल्यांना ठाऊक. हॉलमधल्या आनंदाच्या कल्लोळात तो एकटा माणूस गंभीर होता. मग त्यांनी मागच्या शनिवारचं पान उलटलं, तिथे तीच विनंती काळ्या शाईत होती, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मागच्या आठवड्याची आहे ही," ते म्हणाले, "आजची शिल्लक पुढे वापरू." त्या शिल्लक प्रार्थनेवर कुणाची वर्णी लागली हे मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात सुरक्षारक्षकाच्या मुलीला वसतिगृह मिळालं, एवढं माहीत आहे.

कारण ही खतावणी मराठी मंडळीपुरती राहिलेली नाही. तिच्यात नारळवाला आहे, त्याचा गुडघा आहे. समोरच्या घरातले कन्नड गृहस्थ आहेत, जे शनिवारी रागीगुड्डाच्या आंजनेयाला जातात, गुरुवारी विवेकनगरच्या बाळ येशूला मेणबत्ती लावतात, आणि मुलीच्या व्हिसासाठी फाटकाशी थांबून हळूच "अंकल, प्रार्थने माडि" म्हणून जातात. काकांना मेणबत्ती पटत नाही. नगरकडच्या मिशनमध्ये वाढलेल्या माणसाला ती पटायची नाहीच. पण व्हिसाची नोंद त्यांनी केली, पासपोर्टचा नंबरही घेतला.

आपल्याकडे चौकशी हा राष्ट्रीय गुण आहे. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या मुलाला गुण किती पडले, ही माहिती प्रत्येक आळीत कुणीतरी सांभाळत असतं. प्रार्थनासभेत ती "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणत कानाकानांतून फिरते, आणि बऱ्याचदा देवापर्यंत पोहोचायच्या आधी सगळ्या जयनगरात पोहोचलेली असते. काकांच्यात ही खोड इतरांपेक्षा जास्तच आहे. फरक इतकाच, की ते ऐकलेलं विसरत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरातल्या घरात आम्ही तारीख चुकलो, काका चुकले नाहीत. "डावा झाला, उजव्याचं काय?" असं ते अजून विचारतात. ज्यांचं प्रार्थनाजीवन गाढ म्हणतात असे काही धीरगंभीर लोक मला माहीत आहेत. मौनात ते तासभर बसू शकतात. आईचा कोणता डोळा, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता यायचं नाही. मध्यस्थीची प्रार्थना शिकायची असेल तर माझ्या मते आधी नाक खुपसायला शिकावं आणि मग ते खुपसलेलं नाक घेऊन गुडघ्यांवर यावं. हे पाळकांना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

राहता राहिला प्रश्न, काका स्वतः कधी प्रार्थना करतात? दुसऱ्यांना विचारणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी काकूंना विचारला. पहाटे पाचला, त्या म्हणाल्या. गॅलरीत खुर्ची टाकून, खतावणी मांडीवर घेऊन, एकेक नाव. तिथे पत्ते नसतात, टोमणे नसतात, आवाजही नसतो, फक्त ओठ हलतात. "आणि रोज झोपतात," काकू म्हणाल्या. "नावं आडनावांच्या क्रमाने आहेत ना. कांबळे, गायकवाड, जाधव इथपर्यंत नीट चालतं. प आला की मान खाली."

ही गोष्ट बाहेर फुटली, आणि शनिवारी वाघमारे, शिंदे, साळवे यांनी रीतसर तक्रार केली, की इतक्या वर्षांत आपल्यापर्यंत कधी पाळीच आली नाही. गेथशेमानेत शिष्यही झोपले होते, असं काकांनी म्हणून पाहिलं, पण शिष्यांकडे यादी नव्हती, हे साळव्यांनी लक्षात आणून दिलं. अखेर तोडगा निघाला: सम तारखेला यादी वरून वाचायची, विषम तारखेला खालून. आता साळवे खूश आहेत.

खालून वाचताना काकांना झोप म पाशी लागते. वरून प पाशी. माझं आडनाव भ वरून आहे. हे मी दाखवून दिल्यावर काकांनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ खतावणीच्या मधल्या पानांकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले,

"तुझ्या बायकोचं माहेर कांबळ्यांचं ना? तुमची नोंद तिकडे वर्ग करू का?"